शिरगणती घरांची, कचेऱ्यांची का नाही?

केंद्रीय मंत्रिमंडळाच्या राजकीय व्यवहार समितीने ३० एप्रिल २०२५ रोजी आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय घेतला. हिमाच्छादित प्रदेश वगळता उर्वरित देशासाठी या जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ असा ठरला आहे. सर्व जातींची गणना होऊन तिचे आकडे प्रसिद्ध झाले ते १९३१ साली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जातींची माहिती गोळा करण्यात आली, परंतु ती दप्तरातच राहिली. सुमारे शतकभराच्या अंतराने देशाला आपल्या समाजरचनेचे अधिकृत चित्र पाहावयास मिळेल, ही गोष्ट महत्त्वाची आहे. बहुतेक राजकीय पक्षांनी या निर्णयाचे स्वागत केले, तेही स्वाभाविक होते.

तथापि या गणनेने जो प्रश्न सुटेल असे मानले जाते, तो तिने सुटणार नाही. प्रश्न असा की, एखाद्या समाजघटकाची लोकसंख्येत जेवढी संख्या आहे, त्या मानाने तो घटक नोकऱ्यांत, आणि विशेषतः चांगल्या पगाराच्या नोकऱ्यांत, किती आहे? प्राथमिक शाळेतील अपूर्णांकाचे गणित मांडावयाचे तरी अंश आणि छेद दोन्ही लागतात. जनगणना छेद देईल. अंश मात्र घरोघर फिरणाऱ्या प्रगणकाकडे नसतो. तो कारखान्यांच्या, बँकांच्या आणि कंपन्यांच्या हजेरीपटावर असतो. तो हजेरीपट शासनास कोणत्या तपशिलाने कळवावा, याविषयी आपला कायदा आजवर फार थोडे बोलला आहे आणि जे बोलला तेही गांभीर्याने अमलात आलेले नाही.

शासकीय व अनुदानित संस्थांत काम करणाऱ्यांना मोजणी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. बिंदुनामावली हा शब्द महाराष्ट्रातील प्रत्येक शिक्षकाच्या व लिपिकाच्या परिचयाचा आहे. कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गासाठी, त्यावर कोण बसले आहे आणि कोणती जागा रिक्त आहे, याची नोंद तेथे ठेवावी लागते. मागासवर्ग कक्षाकडून ती तपासून घेतल्याखेरीज भरती पुढे सरकत नाही. या पद्धतीत दिरंगाई आहे, कधी लपवाछपवीही असते. पण जागा कोणाला मिळाल्या हे विचारण्याचा अधिकार नागरिकाला आहे आणि त्याचे उत्तर कोठल्या तरी नोंदवहीत आहे. खाजगी नोकरीच्या क्षेत्रात प्रवेश केला की हे उत्तर संपते. आणि आज पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या बहुसंख्य तरुणांपुढे खाजगी नोकरी हाच मार्ग उरला आहे.

खाजगी मालकाने आपल्या नोकरवर्गाची माहिती सरकारला द्यावी, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सेवायोजन कार्यालयांना रिक्त जागा कळवणे सक्तीचे करणारा कायदा १९५९ साली संमत झाला आणि १ मे १९६० पासून अमलात आला. सर्व सरकारी आस्थापनांना आणि पंचवीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांना तो लागू होता. दर तिमाहीस ‘ईआर-१’ आणि दर दोन वर्षांनी ‘ईआर-२’ ही विवरणपत्रे भरून पाठवावयाची होती. पहिल्यात एकूण पुरुष किती, स्त्रिया किती आणि जागा किती रिक्त याची माहिती. दुसऱ्यात व्यवसायवार तपशील. माहिती न देणाऱ्यास पहिल्या अपराधाबद्दल २५० रुपयांपर्यंत आणि त्यापुढील अपराधाबद्दल ५०० रुपयांपर्यंत दंड होता. १९६० साली ही रक्कम काहीशी बोचणारी असेल. पुढे पुढे विवरणपत्र तयार करणाऱ्या कारकुनाचा वेळ दंडापेक्षा महाग झाला.

दंड कमी होता एवढाच या कायद्याचा दोष नव्हता. मालकाने रिक्त जागा कळवावी, पण सेवायोजन कार्यालयाने पाठवलेला उमेदवार घेण्याचे बंधन त्याच्यावर नाही, असे त्याच कायद्यात स्पष्ट केलेले होते. ते योग्यही होते. कोणास नेमावे हे सरकारने ठरवू नये. परंतु मग निदान मालक कोणास नेमतो याचा हिशेब पाहण्याची तरतूद हवी होती. ती नव्हती. आकडे येत, त्यांच्या बेरजा होत, त्या अहवालात छापल्या जात. एखाद्या कारखान्यात शेकडो कामगारांत एकही स्त्री नसली, तरी तसे का, हे त्या कारखान्यास विचारण्याचे काम या कायद्याने कोणावरही सोपवलेले नव्हते. मोजणाऱ्याचे काम मोजण्यापाशी संपत होते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९५९ चा कायदा तिच्यात विलीन झाला. सेवायोजन कार्यालयाच्या जागी ‘करिअर सेंटर’ हा शब्द आला, आस्थापनेच्या आकाराची मर्यादा पंचवीसवरून वीसवर आली आणि माहिती संगणकाद्वारे देण्याची सोय झाली. महाराष्ट्रात तर या कार्यालयांच्या पाट्या यापूर्वीच बदलून त्यांवर कौशल्य, रोजगार आणि उद्योजकता असे शब्द आले आहेत. पाटी बदलली, पण विचारावयाचा प्रश्न बदलला नाही. रिक्त जागा कळवण्याचे बंधन आहे. भरलेल्या जागा कोणाकोणाच्या वाट्याला आल्या, हे सांगण्याचे बंधन नाही.

अन्य कायद्यांतून या चित्राचे काही तुकडे मिळतात. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने आस्थापनांनी अपंग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवावी असे म्हटले. भांडवल बाजाराच्या नियामक मंडळाने, म्हणजे ‘सेबी’ने, बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून एक विस्तृत अहवाल सक्तीचा केला, त्यात स्त्री-पुरुष कर्मचाऱ्यांची संख्या, अपंगांची संख्या आणि स्त्री-पुरुषांच्या वेतनाचे मध्यांक द्यावे लागतात. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण ती झाली गुंतवणूकदारांसाठी. नोकरी शोधणाऱ्यासाठी नव्हे. जी कंपनी शेअर बाजारात नाही, ती या नियमाच्या बाहेर राहते.

नोंदी असल्या आणि त्या कोणी वाचल्या, तर काय घडते याचे एक उदाहरण मुंबईतलेच आहे. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. त्यानुसार मॅकिनन मॅकेन्झी या जहाजविषयक व्यवसायातील जुन्या कंपनीविरुद्ध दावा उभा राहिला. तेथील स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. युनियनशी झालेल्या करारातूनच ही वेतनश्रेणी ठरली आहे, असा कंपनीचा बचाव होता. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली तो फेटाळला आणि सारख्या कामाला सारखे वेतन देण्याचे बंधन कराराच्या आडोशाने टाळता येणार नाही असा निर्णय दिला. दोन वेतनश्रेण्या शेजारी शेजारी मांडता आल्या म्हणून हा न्याय मिळाला. त्या मांडता आल्या नसत्या, तर तक्रार ही केवळ तक्रारच राहिली असती.

जात आणि धर्म यांच्या बाबतीत मात्र खाजगी क्षेत्रात मांडण्यासारखे काहीच नाही. तेथे सारे काही गुणवत्तेवर चालते असे सांगितले जाते आणि ते खरे की खोटे हे तपासण्याची सोय नसल्याने ते खरे मानले जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची! ही मूठ थोडीशी उघडण्याचा एक प्रयत्न अर्थशास्त्रज्ञ डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्वेल यांनी केला. त्यांचा अभ्यास २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. वृत्तपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना उत्तर म्हणून ४,८०८ अर्ज पाठवण्यात आले. शिक्षण आणि अनुभव सारखे, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जदारास पुढचे बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जदारास सुमारे एक तृतीयांश आढळला. उमेदवार दारातही आलेला नसताना हे घडत होते. तेव्हा जातीचा रकाना नाही म्हणून जात पाहिली जात नाही, हे म्हणणे टिकणारे नाही. आडनाव हाच रकाना आहे, आणि तो रोज वाचला जातो.

याच सुमारास, २००६ च्या आसपास, खाजगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा जोरात होती. ती टाळण्यासाठी उद्योगपतींच्या संघटनांनी ऐच्छिक आचारसंहितेचा मार्ग पुढे केला. वंचित घटकांना प्रशिक्षण देऊ, संधी वाढवू, असे आश्वासन देण्यात आले. काही उद्योगसमूहांनी त्या दिशेने प्रामाणिक कामही केले. परंतु ज्याने स्वेच्छेने मोजावयाचे त्यानेच स्वेच्छेने थांबावयाचे, अशी व्यवस्था फार दूर जात नाही. हा केवळ तर्क नव्हे. एका वेगळ्या भूमीवर त्याचा पडताळा आलेला आहे.

ती भूमी उत्तर आयर्लंडची. तेथे प्रश्न जातीचा नव्हता. प्रॉटेस्टंट आणि रोमन कॅथलिक अशा दोन ख्रिस्ती समाजांचा होता. परंतु नाव, वस्ती आणि शाळा यांवरून माणूस कोणाचा हे ओळखावे आणि त्यावर त्याची नोकरी ठरावी, हा प्रकार भारतीय वाचकाला अनोळखी वाटू नये. बेलफास्टच्या जहाजबांधणीच्या प्रसिद्ध कारखान्यात कॅथलिक कामगार नावापुरतेच असत. १९७१ च्या जनगणनेत कॅथलिक पुरुषांतील बेकारी प्रॉटेस्टंट पुरुषांच्या सुमारे अडीचपट आढळली. तीन दशके चाललेल्या आणि साडेतीन हजारांच्या आसपास बळी घेणाऱ्या हिंसाचाराची कारणे अनेक होती; नोकऱ्यांतील हा अन्याय त्यांपैकी एक होता.

ब्रिटिश संसदेने १९७६ साली तेथे न्याय्य नोकरीचा पहिला कायदा केला. भेदभावास त्याने बंदी केली, पण मालकांकडून अपेक्षा धरली ती समान संधीच्या तत्त्वाच्या जाहीरनाम्यावर स्वेच्छेने सही करण्याची. सह्या झाल्या. हजेरीपट फारसे बदलले नाहीत. पुढे १९८४ साली नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी शॉन मॅकब्राइड यांच्या नावाने ओळखली जाणारी तत्त्वे पुढे आली आणि अमेरिकेतील अनेक राज्यांनी आपल्या निवृत्तिवेतन निधीची गुंतवणूक त्या तत्त्वांशी जोडली. हा दाब आणि देशांतर्गत टीका यांमुळे १९८९ साली दुसरा कायदा झाला. त्याने मोजणी सक्तीची केली. प्रथम पंचवीसहून अधिक आणि नंतर दहाहून अधिक कर्मचारी असणाऱ्या प्रत्येक मालकाने नोंदणी करावयाची आणि दर वर्षी आपल्या नोकरवर्गातील दोन्ही समाजांची व स्त्री-पुरुषांची संख्या कळवावयाची. आज तर अर्ज कोणी केले आणि नेमणुका कोणाच्या झाल्या, हेही द्यावे लागते. अडीचशेहून अधिक कर्मचारी असतील, तर बढती कोणाला मिळाली आणि नोकरी सोडून कोण गेले, तेही.

परंतु या कायद्याचे खरे बळ त्याच्या पुढील कलमात आहे. दर तीन वर्षांनी प्रत्येक मालकाने आपल्या आकड्यांचा स्वतःच आढावा घ्यावयाचा आणि दोन्ही समाजांना रास्त वाटा मिळत आहे का, याचे उत्तर द्यावयाचे. मिळत नसेल, तर जाहिरात कोठे द्यावी, प्रशिक्षण कोणाला द्यावे, यासाठी उद्दिष्टे व मुदती ठरवावयाच्या. राखीव जागा मात्र नाहीत, नेमणूक गुणवत्तेवरच. कायदा धाब्यावर बसवणाऱ्यास सरकारी कंत्राटे व अनुदान गमावण्याचा धोका. थोडक्यात, आकडा कपाटात जाऊन पडत नाही. मालकाला तो स्वतः वाचावा लागतो.

१९९० च्या पहिल्या मोजणीत ज्यांचा समाज निश्चित करता आला, त्यांच्यात कॅथलिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के होता. अलीकडच्या वर्षांत तो जवळजवळ निम्म्यापर्यंत पोहोचला आहे. याचे सारे श्रेय एका कायद्यास देणे चूक ठरेल. लोकसंख्येचे प्रमाण बदलले, शिक्षण वाढले, जुने अवजड उद्योग मागे पडले आणि १९९८ च्या करारानंतर शांतताही आली. पण हा बदल घडत असताना कोणत्या क्षेत्रात तो होतो आहे आणि कोणत्या क्षेत्रात अडला आहे, हे वर्षागणिक दिसत राहिले. वाद झाले ते आकड्यांच्या अर्थावर. एकमेकांच्या अफवांवर नव्हेत. दुभंगलेल्या समाजात ही मोठीच मिळकत आहे.

अमेरिकेचा अनुभव याला पूरक, पण इशारा देणाराही आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या आधारे १९६६ पासून तेथे शंभर किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या खाजगी मालकांकडून वंश, लिंग आणि कामाचा दर्जा यांनुसार वार्षिक अहवाल घेतला जातो. पुण्यात ज्याच्या जातीची वा धर्माची नोंद कोणतीही कंपनी सरकारला कळवत नाही, तो मराठी अभियंता कॅलिफोर्नियात जाताच ‘आशियाई’ या रकान्यात मोजला जातो. पण तेथील अहवालातून वेतनातील विषमता कळत नाही. ती कळावी म्हणून २०१६ साली वेतनाची माहिती मागण्याचे ठरले. २०१७ साली सरकार बदलल्यावर ती योजना रोखण्यात आली, २०१९ साली न्यायालयाने ती पुन्हा चालू केली आणि २०१७ व २०१८ या दोन वर्षांचे आकडे घेऊन ती गुंडाळण्यात आली. सरकारी कंत्राटदारांवर समान संधीची जबाबदारी टाकणारा १९६५ चा अध्यक्षीय आदेशही जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. संसदेच्या कायद्यावर उभा असलेला वार्षिक अहवाल मात्र त्या वर्षीही मागवण्यात आला. मोजणीचे बंधन एखाद्या सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्याच्या पायावर उभे करावे लागते, हा यातील बोध.

आपल्याकडे असे बंधन घालण्याची भाषा निघताच तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, कचेरीत जात विचारणे म्हणजे विसरली जाणारी जात पुन्हा जागवणे होय. या आक्षेपामागील भावना प्रामाणिक असू शकते. पण जात विसरण्याची मुभा ज्यांना तिचा जाच होत नाही त्यांनाच प्रथम मिळते. आजार नोंदवल्याने वाढत नाही. न नोंदवल्याने मात्र उपचार चुकतो.

दुसरा आक्षेप खाजगीपणाचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. सहकाऱ्यांपासून आपली जात लपवून काम करणारा तरुण आजही या देशात आहे, आणि त्याच्या भीतीला कारण आहे. म्हणून माहिती कर्मचाऱ्याने स्वतः द्यावी, न देण्याची मोकळीक त्याला असावी, शासनाकडे फक्त बेरजा जाव्यात, आणि एखाद्या गटात मोजकीच माणसे असतील तर तो आकडा प्रसिद्ध होऊ नये, अशी बंधने अपरिहार्य आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये आस्थापनावार आकडे छापताना दहापेक्षा लहान संख्या झाकल्या जातात आणि व्यक्तीची माहिती फोडणे हा गुन्हा आहे. जे तेथे बॉम्बस्फोटांच्या काळात जमले, ते येथे जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप असा की, हा आरक्षणाचा चोरदरवाजा आहे आणि यातून तपासनीसांचा सासुरवास वाढेल. मोजणी आणि राखीव जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरियाणाने खाजगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागा राखून ठेवणारा कायदा केला, तो पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये घटनाबाह्य ठरवला. आकडा कळवण्याने मात्र कोणाचीही जागा जात नाही. शिवाय कामगारांची ओळख विचारणे उद्योगांना अपरिचितही नाही. महाराष्ट्रात सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या सवलती घेणाऱ्या उद्योगांवर ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना देण्याची अट आहेच. कामगार कोठला हे विचारता येते, तर तो कोणत्या समाजघटकातला आणि स्त्री की पुरुष, हे विचारताना अडचण कोणती? लहान कारखानदाराला त्रास नको हे म्हणणे रास्त आहे. तेव्हा आरंभ शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांपासून करता येईल.

एक गोष्ट मात्र प्रथमपासून पाहावी लागेल. संघटित कारखान्यांतील दर पाच कामगारांपैकी सुमारे दोन आज कंत्राटदाराच्या पटावर असतात. कंपनीने फक्त कायम नोकरांची मोजणी दिली, तर सफाई, पहारा आणि ओझी वाहण्याची कामे करणारे लोक आकड्यांतून नाहीसे होतील, आणि विषमता जेथे सर्वांत दाट आहे तोच भाग कोरा दिसेल. मोजणी दर्जावार आणि कंत्राटी कामगारांसह झाली तरच तिला अर्थ आहे. तिच्यामागे आढाव्याचे बंधन आणि आढावा न घेणाऱ्यास सवलती बंद, एवढी सोपी तरतूद असली तरच तिला धार आहे. अन्यथा आणखी एक विवरणपत्र निर्माण होईल आणि ते ‘ईआर-१’च्या वाटेने जाईल.

जनगणनेचे आकडे येतील तेव्हा त्यांवरून मोठे राजकारण होईल. आमची संख्या एवढी, मग आमचा वाटा किती, असा प्रश्न प्रत्येक समाज विचारील. त्या वेळी नोकऱ्यांचा खरा हिशेब हाताशी नसेल, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा अंश गृहीत धरील आणि सारे अपूर्णांक भाषणांत सोडवले जातील. अन्याय झालेल्याला तो सिद्ध करता येणार नाही आणि न्यायाने वागणाऱ्या मालकालाही आपली बाजू मांडता येणार नाही. जनगणनेचे निष्कर्ष हाती येण्यापूर्वी संसदेला या कामासाठी थोडा अवधी आहे. नवी संहिता आताच अमलात आली असल्याने तिच्यात एक प्रकरण वाढवणे अवघडही नाही. मालकाने मजुरी किती दिली हे सरकार विचारते, भविष्यनिर्वाह निधी किती भरला हे विचारते. नोकरी कोणाला दिली, हेही आता विचारले पाहिजे. आणि उत्तर आल्यावर ते वाचले पाहिजे.